पश्चात्तापाचा कोंबडा

मागच्या रविवारी मी उपासना अर्धी टाकून उठले. आमच्या डहाणूच्या चर्चमध्ये बाहेरून कुणी वक्ते आले होते, कानाला लावायचा तो छोटा माईक लावून. त्यांनी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि म्हणाले, ज्यांना पश्चात्ताप करायचा आहे त्यांनी हात वर करा. पेटीवाल्यानं हळू सूर धरला. हात वर झाले. वक्ते म्हणाले, झालं, आजपासून तुम्ही मोकळे. माझ्या पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांचा हात सगळ्यांत आधी वर गेला होता, आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या सुनेचा चेहरा मला दिसत होता, कारण मी काही डोळे मिटले नव्हते. त्या पोरीनं पदर तोंडाशी धरला होता. मी चपला घातल्या आणि पारनाक्यापर्यंत उन्हात चालत आले. घरी मुलगा म्हणाला, "आई, या वयात एवढा राग बरा नाही, बीपी वाढेल." वाढू दे. हा राग मला माझ्या आईकडून मिळाला आहे, आणि तो कुठून आला ते एकदा लिहूनच ठेवते, म्हणजे मी गेल्यावर कुणी म्हणायला नको की म्हातारी उगाच तडतडायची.

तलासरीकडच्या एका पाड्यावर आमचं घर होतं. कारवीच्या कुडाचं, शेणानं लिंपलेलं, आणि चर्चच्या इतकं जवळ की तिथं गाणं सुरू झालं की आमच्या चुलीपाशी ऐकू यायचं. आम्ही वारली. माझ्या आज्यानं बाप्तिस्मा घेतला होता, त्यामुळे बा जन्मापासून ख्रिस्ती. आय मात्र लग्न होऊन आली तेव्हा झाली. माहेरी ती जेठी होती, चर्चमध्ये मार्था झाली. बा चर्चची झाडलोट करायचा आणि घंटा वाजवायचा. घंटा म्हणजे रुळाचा एक तुकडा होता, चिंचेच्या फांदीला तारेनं बांधलेला. बा त्यावर लोखंडी पाना मारायचा, ठण्ण ठण्ण, आणि कावळे उडायचे. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. सकाळी नागलीची भाकर आणि सुक्या बोंबलाची चटणी. बोंबील वरोरहून एक कोळीण डोक्यावर पाटी घेऊन आणायची; ती अर्धं मराठी अर्धं गुजराती बोलायची, आयशी भांडायची, मग ओटीवर बसून पाणी प्यायची आणि जाताना मूठभर करंदी, ती बारीक कोळंबी, वर टाकायची. आय चुलीपाशी सारखी काहीतरी गुणगुणायची. चर्चचं गाणं असायचं, पण चाल कधीकधी दुसरीच असायची, तिच्या माहेरची. बा हसायचा. म्हणायचा, "मार्था, हे देवाला कळंल का?" आय म्हणायची, "त्याला नाय तर कुणाला."

तिची आई, म्हणजे माझी आजी, धवलेरी होती. आमच्यात लग्न ब्राह्मण लावत नाही, धवलेरी लावते. भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक काढतात, त्यापुढं बसून ती गाणी म्हणते, देवांना नावानं बोलावते, आणि तिनं गाऊन संपवल्याशिवाय पोरगी नवऱ्याची होत नाही. ही गाणी कुठं लिहिलेली नाहीत. आयनं ती आजीच्या मांडीला मांडी लावून बसून उचलली होती, आणि बाप्तिस्म्याच्या पाण्यानं गाणी काही धुऊन जात नाहीत.

आता कोंबड्याचं सांगते, कारण त्याच्यावाचून पुढचं काही समजणार नाही. आमच्यात पूर्वीपासून पंच बसायचे. कुणी काही चुकला की त्याला दंड: कोंबडा आणि ताडी. सगळा पाडा मिळून खायचा-प्यायचा, आणि खाऊन हात धुतले की प्रकरण मिटलं. नंतर जो ते उकरून काढील तोच वाईट. मग चर्च आलं. ताडी गेली, कोंबडा राहिला. पश्चात्ताप हा शब्द आमच्या पाड्यावर आला तो सरळ त्या दंडाच्या जागी जाऊन बसला. लोक बोलायचेही तसंच: "अमक्यानं पश्चात्ताप भरला." दारू प्यायलेला सापडला, भांडण केलं, बायकोला मारलं, की रविवारी पुढं उभं राहायचं, चार अश्रू काढायचे, कोंबडा द्यायचा, आणि उपासनेनंतर चिंचेखाली सगळ्यांनी रस्सा-भात खायचा. पाळक घाटावरचे होते, शिकलेले, बारीक आवाजात बोलणारे. त्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. मंडळी भरलेली राहते ना, मग चालू द्या, असं त्यांचं होतं. आणि जो उभा राहायला नकार देईल त्यानं दाराशी, चपलांच्या शेजारी, गोणपाटावर बसायचं. त्याला प्रभुभोजन नाही. त्याच्या घरात बाप्तिस्मा नाही, लग्न नाही.

सगळ्यांत जास्त कोंबडे शमुवेलकाकानं दिले असतील. तो मंडळीचा पंच, आमच्या शेजारचं घर, कौलारू, पुढं आंब्याची झाडं. त्याच्या बायकोला आम्ही राहेलकाकी म्हणायचो. तो तिला मारायचा. घराला घर लागून, मधे एक कूडच होता, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू यायचं. आधी त्याचा आवाज, मग भांड्याचा, मग काहीच नाही, आणि ते काहीच नाही सगळ्यांत वाईट असायचं. आय चुलीत फुंकर मारायची थांबायची. बा म्हणायचा, "त्यांच्या घरातलं आहे, मार्था." वर्षातून दोन-तीनदा मार लोकांच्या नजरेत येईल असा पडला, की शमुवेलकाका रविवारी पुढं जाऊन रडायचा. काय रडायचा. छाती पिटायचा, गुडघे टेकायचा, म्हणायचा मी किडा आहे. म्हाताऱ्या बाया डोळे पुसायच्या, म्हणायच्या, एवढा मोठा माणूस पण किती नमून राहतो बघा. आणि मग कोंबडा. तो कोंबडा सोलायचा, वाटण वाटायचं, रस्सा करायचा तो कुणी? राहेलकाकीनं. एकदा तिचा हात सुजलेला होता, तर ती डाव्या हातानं पाट्यावर मिरची वाटत होती आणि आम्ही पोरं तिच्याभोवती नाचत होतो की आज रस्सा, आज रस्सा. मी हे लिहिताना थांबले आणि पाणी पिऊन आले.

माझी थोरली बहीण एस्तेर. तिचं लग्न चिखल्याला ठरलं होतं, चिकूच्या वाडीत काम करणाऱ्या एका चांगल्या पोराशी. पोराचा बाप अच्छाडला नाक्यावर ट्रकचे टायर दुरुस्त करायचा, मोठ्या आवाजाचा, सरळ माणूस. उन्हाळा होता, लग्नाला थोडेच दिवस राहिले होते, आणि त्याच सुमारास आयच्या भावाच्या मुलीचं, जानीचं, लग्न माहेरच्या पाड्यावर होतं. तिकडं कुणी ख्रिस्ती नव्हतं. आय, मी आणि एस्तेर गेलो. चौक काढून झाला, पाहुणे बसले, आणि धवलेरी तापानं फणफणलेली. तोंडातून शब्द निघेना. दुसरी जवळपास नव्हती. जानी हळद लागलेली तशीच बसून राहिली. हळद लागल्यावर लग्न राहिलं तर त्या पोरीकडं पुढं कुणी बघत नाही. मामानं आयकडं पाहिलं. तोंडानं मागायची त्याची हिंमतच नव्हती. आय उठली, हात धुतले, चौकापुढं बसली आणि गायला लागली. संध्याकाळपर्यंत गायली. एकदाही अडखळली नाही. मी तिला अशी कधी पाहिली नव्हती. आपली आई आपल्याला पूर्ण ठाऊक नाही हे मला त्या दिवशी कळलं. लग्न लागलं. जानी तिच्या गळ्यात पडून रडली.

बातमी आमच्या आधी घरी पोचली होती. दुसऱ्याच दिवशी पाळक आणि शमुवेलकाका ओटीवर. शमुवेलकाका म्हणाला, "बाई, तुम्ही दुसऱ्या देवांची नावं घेतलीत. रविवारी पुढं या, पश्चात्ताप भरा. एक कोंबडा द्या. नाहीतर एस्तेरचं लग्न इथं लागणार नाय." म्हणणारा कोण, तर शमुवेल. मला त्याच्या अंगावर चुलीतलं लाकूड फेकावंसं वाटलं होतं, आणि आता सत्तरी उलटली तरी वाटतं.

आय म्हणाली, "मना पश्चात्ताप झालेला नाय."

पाळक म्हणाले, "मार्थाबाई, दोन शब्द तर बोलायचे आहेत."

"शब्द आहेत माझ्याकडं. पश्चात्ताप नाय. नाय झालेला तो कुठून आणू?"

ते गेल्यावर बानं समजावलं. तो भांडखोर नव्हता, त्याला फक्त पोरीचं लग्न नीट व्हायला हवं होतं. म्हणाला, "म्हणून टाक ना, मार्था. देवाला माहीत आहे तुझ्या मनात काय आहे ते."

"देवाला माहीत आहे, म्हणूनच नाय म्हणता येत."

ते दिवस फार वाईट गेले. आय गुणगुणायची बंद झाली. एस्तेर नुसतं लग्नाचं लुगडं घडी मोडून परत घडी घालायची. शेजारून एकदा आवाज आला, भांड्याचा, आणि मग ते काहीच नाही. आय चुलीपाशी बसली होती. फुंकणी हातात तशीच. बराच वेळ ती कुडाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "रविवारी मी उभी राहते." बाला इतकं बरं वाटलं की तो लगेच कोंबडा बघायला उठला. आय म्हणाली, "कोंबडा नको."

रविवारी रुळाचा तुकडा वाजला, सगळे जमले. बाया डावीकडं, पुरुष उजवीकडं, पंच पुढं बाकावर. पाळकांनी आयला बोलावलं. ती चटयांमधून पुढं गेली, पण तोंड वेदीकडं न करता आमच्याकडं करून उभी राहिली. ती म्हणाली, "मना एका गोष्टीचा पश्चात्ताप आहे. माझ्या शेजारणीला तिचा नवरा मारतो. मी कुडाच्या या बाजूनं किती वर्षं ऐकते. मी एकदाही गेली नाय. रविवारी तो इथं रडला, मी बसून बघितला. तिनंच रांधलेला रस्सा मी माझ्या ताटात वाढून घेतला, पोरांना वाढला. ह्या पापाचा मना पश्चात्ताप आहे. जानीच्या लग्नाचा नाय." शमुवेलकाका बाकावरून उठला. पाळक "मार्थाबाई, मार्थाबाई" करत राहिले. आयनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. ती बायांच्या चटईपाशी आली, राहेलकाकीपुढं खाली बसली आणि म्हणाली, "राहेल, माझ्या घरी चल. आजपासून आपल्या मधे कूड नाय." राहेलकाकी लगेच उठली नाही. मग तिनं पदर सावरला, आणि दोघी दारातून बाहेर गेल्या. मागून मी आणि एस्तेर. दुसरं कुणीही उठलं नाही. ज्या म्हाताऱ्या डोळे पुसायच्या त्यांतली एकही नाही, हे मी विसरलेले नाही. बा शेवटी आला, मान खाली घालून, पण आला.

त्या दुपारी राहेलकाकी आमच्या चुलीपाशी बसून भाकर खात होती आणि खाताना दर थोड्या वेळानं दाराकडं बघत होती. आयनं दाराला अडसर लावला तेव्हा कुठं तिनं दुसरी भाकर घेतली.

तीन-चार दिवसांनी ते दोघं परत आले. पुढं पाळक, मागं शमुवेलकाका, त्याच्या बगलेत पाय बांधलेला मोठा लाल कोंबडा. शमुवेलकाका अंगणातच गुडघ्यावर बसला आणि रडायला लागला. पाळक म्हणाले, "शमुवेलरावांना फार पश्चात्ताप झाला आहे. राहेलबाईंनी आता घरी जावं. त्या गेल्या की पंचमंडळ तुमचंही मिटवील, मार्थाबाई. आणि एस्तेरचं लग्नही ठरल्या दिवशी लागेल." अगदी गोड आवाजात म्हणाले. मी तेव्हा लहान नव्हते, मला नीट कळलं की ते काय म्हणताहेत. राहेलकाकी परत गेली तर माझ्या बहिणीचं लग्न. आयचा चेहरा एकदम उतरला. चर्चमध्ये एवढी बोललेली माझी आई एस्तेरकडं बघू शकेना. राहेलकाकीनं खुंटीवरचं आपलं लुगडं काढलं. ती बोचकं बांधायला लागली होती.

एस्तेर ओटीवरून खाली उतरली. शांत पोरगी ती, घरात तिचा आवाज क्वचित ऐकू यायचा. ती म्हणाली, "लग्न माझं आहे ना? मग मी सांगते. राहेलकाकी कुठं जाणार नाय. माझं लग्न लागंल तसं लागंल, नाय तर नाय लागणार." आणि पाळकांना म्हणाली, "तुम्हाला हे मागायला लाज कशी नाय वाटली?" कुणी पाळकाला असं बोलत नसे. पाळकांचे कान लाल झाले.

मग राहेलकाकी बाहेर आली. बोचकं खाली ठेवलं. तिनं शमुवेलकाकाच्या बगलेतून तो कोंबडा घेतला, पायाची दोरी सोडली आणि त्याला अंगणात सोडून दिलं. नवऱ्याशी ती मान वर करून बोललेली मी पहिल्यांदा पाहिली. म्हणाली, "किती कोंबडे रांधले मी तुझे. पश्चात्ताप झाला असंल तर मी घरी नसताना पण राहील तो. ठेव तुझ्याजवळ." आणि आत येऊन तिनं भाकरीचं पीठ मळायला घेतलं. शमुवेलकाकाचं रडणं थांबलं होतं. तो कसा उठला आणि कसा गेला ते मला आठवत नाही. कोंबडा मात्र आमच्याकडेच राहिला, आणि पहाटे असा आरवायचा की पाळकांच्या घरापर्यंत ऐकू जायचं.

लग्नाला दोन दिवस उरले असताना पाळक एकटेच आले. ओटीवर बसले, पाणी प्यायले. म्हणाले, लग्न मी लावतो. चिखल्याहून पोराचा बाप येऊन त्यांच्या दारात उभा राहिला होता आणि "लग्न पोरीचं लावायचं आहे का तिच्या आयचं?" असं साऱ्या पाड्याला ऐकू जाईल असं विचारून गेला होता, हे आम्हाला नंतर कळलं. पण पंच अडून बसले होते. मार्थाबाईंना गोणपाटावरच बसावं लागेल. मग पाळकांनी जरा वेळानं विचारलं, "शमुवेलरावांचा पश्चात्ताप खरा नाही, असं तुम्हाला कशावरून वाटलं?" टोमणा नव्हता, त्यांना खरंच विचारायचं होतं. आय म्हणाली, "तो बायको न्यायला आला होता, पाळकसाहेब. पश्चात्ताप झालेला माणूस काय मागत येतो का?"

तर माझ्या बहिणीच्या लग्नात माझी आई दाराशी बसली. नवं हिरवं लुगडं नेसून, चपलांच्या शेजारी, गोणपाटावर. पुढं बाकावर शमुवेल. आज त्याची आठवण झाली तरी माझ्या डोक्यात सणक जाते. राहेलकाकी आयजवळ जाऊन बसली, दुसरं कुणी नाही. पण लग्न लागल्यावर नवरा-नवरी बाहेर निघाली तेव्हा दारात पहिली आयच होती. एस्तेर वाकली, नवरा वाकला, आणि मागं सगळी मंडळी खोळंबून उभी राहिली. आय त्यांना सावकाश आशीर्वाद देत राहिली. जेवणाला वालाची भाजी होती, भात होता, सुकट होती. कोंबडी नव्हती.

राहेलकाकी आमच्याकडेच राहिली. तिनं आणि आयनं मिळून भाजीचा मळा केला. त्या वर्षी भात झोडून झाल्यावर एका सकाळी दार उघडलं तर ओटीच्या कडेला तांदळाचं एक पोतं ठेवलेलं. नव्या तांदळाचा वास येत होता. बा म्हणाला, "शमुवेलला पहाटे इकडून जाताना बघितला." मी म्हणाले, फेकून द्या. मला अजूनही वाटतं की फेकून द्यायला हवं होतं. मी त्याला माफ केलेलं नाही. त्याला माफ करायचा हक्क माझा नाही, हे मला कळतं, पण राग माझा आहे. राहेलकाकी पोत्याकडं बघत उभी राहिली. आयनं विचारलं, "काय बोलला का? निरोप, काय?" बा म्हणाला, "काय नाय. ठेवला आणि गेला."

आय म्हणाली, "मग आता कुठं सुरू झाला त्याचा पश्चात्ताप."

त्यानंतर शमुवेलकाका चर्चमध्ये पुन्हा कधी पुढं जाऊन रडला नाही. बाकावरूनही उठला, मागं बसायला लागला. राहेलकाकी त्याच्याकडं परत गेली नाही, आणि त्यानं तिला कधी बोलावलं नाही. पुढच्या वर्षी भात झोडून झाल्यावर पोतं आलं. त्याच्या पुढच्या वर्षीही आलं.